दूरच्या पाण्याचा प्रश्न : खडकी, बऱ्हाणपूर व पुणें येथील नहरांवरून कांहीं विचार

पाणी जेथें विपुल आहे तेथून तें जेथें नाहीं तेथें नेणें कितपत शक्य आहे, असा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस केला. तो स्थापत्यशास्त्र शिकून पाटबंधाऱ्यांच्या कामावर लागलेला. आम्हीं जन्मभर शाळेंत रघुवंश आणि शब्दरूपें शिकविलेलीं. उतार, दाब आणि पंपाची शक्ति यांचें गणित त्यास आमच्याहून शतपट अधिक अवगत आहे. त्यास पाहिजे होतें तें निराळें. पूर्वीच्या लोकांनीं असें केलें होतें काय, केलें असल्यास तें किती काळ टिकलें, आणि मोडलें तें कशानें मोडलें, एवढें त्यास जाणावयाचें होतें. या तीन प्रश्नांचा विचार करीत असतां जें हातीं लागलें तें जिज्ञासु वाचकांपुढें ठेवीत आहों.

या विषयाचें ताजें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत आहे. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहर कोरडें पडलें. पाण्याच्या टाक्यांपाशीं दंगे होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत तेथें जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. पुढें एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणण्यांत आलें. अंतर ३४२ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें शंभर कोसांहून अधिक. शिवाय लातूर मिरजेहून उंचावर असल्यानें हें पाणी दूर न्यावयाचें तसेंच चढवावयाचेंही होतें. ता. १२ एप्रिल रोजीं पोहोंचलेली पहिली गाडी दहा डब्यांची होती. नंतर पन्नास डब्यांची गाडी धांवूं लागली व तिच्या एका खेपेस सुमारें २५ लाख लिटर पाणी येऊं लागलें. या गाडीस 'जलदूत' असें नांव मिळालें आणि तिच्या शंभरांहून अधिक खेपा झाल्या. ज्यांनीं हें काम केलें त्यांची प्रशंसा करावी तितकी थोडीच आहे. तथापि शहराची वस्ती चार लाख धरली तर एका पूर्ण गाडीचें पाणी माणशीं सहा लिटरांच्या आसपास पडतें. तेवढ्यानें तहान भागते आणि भात शिजतो. स्नानाची व धुण्याची गोष्ट बोलावयास नको. शिवाय दुसऱ्या दिवशीं पुन्हा तितकेंच इंधन, तितकींच माणसें व तितकाच खर्च. शेवटची खेप झाली कीं मागें कांहीं उरत नाहीं.

येथें कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, सीताध्यक्षाच्या प्रकरणांत, उदकभागाचे म्हणजे पाण्याबद्दल द्यावयाच्या हिश्शाचे दर दिलेले आहेत. हातानें आणलेल्या पाण्यास पांचवा हिस्सा, खांद्यावरून वाहिलेल्यास चवथा, आणि प्रवाहाच्या यंत्रानें आणलेल्यास तिसरा. पाणी किती कोसांवरून आलें हें कौटिल्य विचारीत नाहीं. तें कशानें आलें हें विचारतो. ज्याच्या वाहतुकींत माणसाचे श्रम अधिक त्याजवर भार कमी, आणि जें आपल्या गतीनें येतें त्याजवर भार जास्त, असा या दरांचा अर्थ आम्ही लावितों. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणांत दुसरा एक नियम आहे. नवें तळें वा बंधारा बांधणारास पांच वर्षांची करमाफी, आणि मोडून टाकून दिलेला पुन्हा चालू करणारास चार वर्षांची. म्हणजे मोडलेलें सांवरणें हें नवें बांधण्याच्या जवळजवळ बरोबरीचें पुण्यकर्म मानलें जाई. या दोन नियमांत आमच्या विषयाचें सार आलेलें आहे असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

'हें होणें शक्य नाहीं' असा अभिप्राय देणारे लोकही प्राचीनच आहेत. गिरनारच्या खडकावरील महाक्षत्रप रुद्रदामन् याचा संस्कृत लेख संशोधकांस परिचित आहे. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त यानें सुदर्शन तलाव बांधविला आणि अशोकाच्या काळीं यवनराज तुषास्फ यानें त्यास पाणी नेणाऱ्या प्रणाली जोडल्या, हें त्या लेखावरूनच कळतें. शकवर्ष ७२ (इ. स. १५०) च्या या लेखांत वादळी पावसानें बांध फुटल्याचें वर्णन आहे. भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल पडलें होतें. तें पाहून राजाच्या अमात्यांनीं हात टेकले आणि प्रजेंत हाहाकार झाला. अखेर सुविशाख नांवाच्या पह्लव अधिकाऱ्यानें काम अंगावर घेतलें व पहिल्याहून मजबूत बांध उभा केला. आणि त्यासाठीं प्रजेवर कर, वेठ वा देणग्या लादल्या नाहींत असें लेख आवर्जून सांगतो. पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं, स्कंदगुप्ताच्या काळीं, तोच बांध पुन्हा फुटला व पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित यानें तो पुन्हा बांधविला. मौर्यांपासून गुप्तांपर्यंत राजवंश बदलले, लिपी बदलली, धर्म बदलले. तलाव टिकला, कारण प्रत्येक वेळीं कोणीतरी त्यास आपला म्हणून सांवरलें.

आतां आपल्या दख्खनकडे वळूं. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें निजामशाहीची राजधानी वसविली. सैन्य, बाजार व परिवार मिळून मोठी वस्ती होणार आणि जवळ बारमाही मोठी नदी नाहीं, ही अडचण पहिल्या दिवसापासूनची. तेव्हां त्यानें शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूच्या खोऱ्यांतून जमिनीच्या पोटांतून पाणी आणण्याची योजना केली. इ. स. १६१७ च्या सुमारास ही नहर सिद्ध झाली. दरबारांत या कल्पनेचें प्रथम हंसें झालें अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गिरनारच्या अमात्यांची जात निराळी नव्हती एवढें खास.

या नहरेची रचना समजून घेण्यासारखी आहे. नदीच्या खोऱ्यांत वाळू व मुरूम यांच्या थरांत जें पाणी मुरलेलें असतें त्याच्या पातळीखालीं एक भुयारी मार्ग खणीत न्यावयाचा. चोहोंकडून पाणी त्यांत पाझरतें आणि झरपतांनाच गाळून निघतें. मार्गास उतार अगदीं बेताचा ठेवावयाचा. तो फार कमी झाल्यास गाळ बसतो, फार जास्त झाल्यास पाणी बांधकाम खातें. ठराविक अंतरावर वर तोंडें ठेवावयाचीं, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढण्यास माणूस आंत उतरूं शकतो. शहराजवळ आल्यावर तेंच पाणी दगडी व खापरी नळांत घालून मधूनमधून उंच दगडी मनोऱ्यांत चढूं द्यावयाचें. तेथें त्यांतील हवा निघून जाते व दाब बेताचा होतो, म्हणून नळ फुटत नाहींत. आरंभापासून अखेरपर्यंत बैल नाहीं, मोट नाहीं, चाक नाहीं. पाणी स्वतःच्या वजनानें येतें.

औरंगजेबानें इ. स. १६५३ मध्यें शहरास औरंगाबाद हें नांव दिलें. त्यानंतर जुन्या नहरेच्या धर्तीवर आणखीही नहरी तेथें झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं असलेली पाणचक्की अशाच एका नहरेच्या पाण्यावर फिरे व दर्ग्यांत येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठीं धान्य दळी. म्हणजे आलेलें पाणी पिण्यापूर्वीं कामासही लावीत. आम्ही एका वैशाखांत हर्सूलच्या बाजूस पायीं हिंडलों. झांकणाची फरशी सरकलेल्या एका तोंडापाशीं ओणवें होऊन कान दिला तों खालीं पाणी वाहण्याचा बारीक आवाज ऐकूं आला. वर रानांत हिरवी काडी नव्हती.

बऱ्हाणपूर येथील व्यवस्था याच्या अगोदर थोडीच वर्षें झाली. खानदेशच्या या राजधानींत मोंगलांची मोठी छावणी असे. इ. स. १६१५ मध्यें, अब्दुर्रहीम खानखानान तेथें सुभेदार असतां, सातपुड्याच्या पायथ्याशीं मुरणारें पाणी भुयारांतून शहरास आणण्यांत आलें. हें काम तबकतुल-अर्ज नांवाच्या इराणी तज्ज्ञानें केलें असें सांगतात. इराणांत ज्यास कनात म्हणतात तीच ही पद्धति. येथें एकामागून एक शंभरांवर कुंड्या आहेत, त्यांचे तळ भुयारानें जोडलेले आहेत, आणि मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा, कुंडी उर्फ खूनी भंडारा अशीं त्यांच्या शाखांचीं नांवें आजही चालतात. भुयाराच्या भिंतींवर पाण्यांतील क्षारांचे थर चढत जातात व मार्ग अरुंद होतो. हे थर वेळोवेळीं खरवडून काढावे लागतात. न काढल्यास पाणी कमी होत जातें. चारशें वर्षांनींही तें पाणी सर्वस्वीं बंद पडलेलें नाहीं. चालू राहण्यास लागणारी वस्तु खरवडणारा हात, एवढीच आहे.

पुण्याची गोष्ट वाचकांस घरची आहे. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास कात्रज येथें तलाव बांधवून तेथील पाणी दगडी नळानें शहरांत आणविलें. हा नळ कांहीं ठिकाणीं माणूस आंत जाईल एवढा प्रशस्त आहे. वाटेंत गाळ बसण्यासाठीं कुंडें, हवेसाठीं उच्छ्वास आणि शहरांत ठिकठिकाणीं हौद, अशी त्याची योजना होती. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद हीं नांवें पुण्याच्या बोलण्यांत रुळलीं तीं यामुळेंच. पुढें इ. स. १७९० च्या सुमारास नाना फडणवीसांनीं आंबेगांवाहून दुसरा नळ सदाशिव पेठेंत आणिला. रास्त्यांनींही कोंढव्याकडून आपला नळ आणविला. राजधानीचीं राजकारणें तपशीलवार सांगणारे आमचे इतिहासकार या नळांस मात्र एखाद्या टीपेंत वाट लावितात.

परंतु नहरांचें गुणगान करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पाणी प्रथम राजवाड्यांत, बागांत, मशिदींत व सरदारांच्या वाड्यांत गेलें. उरलें तें लोकांस. पुण्यांतील हौद सर्वांस मोकळे नव्हते. ज्यांस अस्पृश्य लेखीत त्यांस हौदाच्या कांठास हात लावण्याची मुभा नव्हती. जोतीराव फुले यांनीं इ. स. १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला ही गोष्ट नोंदण्यासारखी वाटली, यावरूनच तोंवरची स्थिति उघड होते. इ. स. १९२७ च्या मार्च महिन्यांत महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं प्राशन केलें तें तळें त्यांच्या घरांपासून कांहीं शंभर कोसांवर नव्हतें. डोंगरांतून तीन कोस सुखरूप आलेलें पाणी शेवटच्या चार हातांवर अडत असे. तेव्हां दूर पाणी नेण्याची शक्यता मोजतांना हे शेवटचे चार हातही मापांत धरिले पाहिजेत. आमच्या स्थापत्यज्ञ मित्रास आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो कांहीं वेळ गप्प राहिला व मग म्हणाला कीं आजही योजनांच्या नकाशांत पाणी टाकीपर्यंत दाखवितात, दारापर्यंत नाहीं.

आतां त्याच्या मूळ प्रश्नाकडे. अंतर हा अडथळा आहे काय? आमच्याच प्रांतांतील एक उदाहरण पुरेसें आहे. कोयनेचें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडून त्यावर वीज करितात. यासाठीं वर्षास ६७.५ अब्ज घनफूट पाणी लवादानें नेमून दिलें आहे. वीज होऊन गेल्यावर तें वासिष्ठी नदीस मिळतें व समुद्रास जातें. घाटमाथ्यावरचें, पूर्वेस कृष्णेकडे वाहणारें पाणी डोंगर फोडून आधींच भिजलेल्या कोंकणांत उतरवितां येतें, तर पाणी हलविण्याची विद्या आपणांस येत नाहीं असें कोण म्हणेल? त्या विजेनें कारखाने चालले, घरें उजळलीं, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि तेंच पाणी उलट दिशेस, कोरड्या मराठवाड्याकडे न्यावयाचें म्हटलें कीं अशक्यतेची भाषा निघते. यांत खरी अडचण चढाची आहे. उतारानें पाणी नेण्यास खर्च एकदां पडतो. चढानें नेण्यास तो रोज पडतो. संभाजीनगर शहर (इ. स. २०२३ पासून त्याचें हें नांव झालें) पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास असलेल्या पैठणच्या नाथसागरावर अवलंबून आहे, आणि शहर धरणाहून उंच असल्यानें त्या पाण्याचा थेंब न् थेंब पंपानें चढवावा लागतो. अंबराच्या नहरेनें एवढ्या मोठ्या शहराची गरज आज भागली नसती हें खरें. पण नहर जें देत होती तें विजेच्या बिलाशिवाय देत होती, हेंही तितकेंच खरें.

नहरी मोडल्या त्या कशानें मोडल्या, या प्रश्नाचें उत्तर सर्वत्र एकच मिळतें. त्या भूकंपानें पडल्या नाहींत, शत्रूनेंही फारशा फोडल्या नाहींत. नवें पाणी आलें आणि जुन्याकडे पाहणारा माणूस उठून गेला. पुण्यास खडकवासल्याचें धरण इ. स. १८७९ च्या सुमारास पुरें झालें; हळूहळू घरोघर लोखंडी नळ आले आणि हौदांवरचें लक्ष उडालें. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें फुटून शहरांत हाहाकार झाला, तेव्हां एकाच उगमावर विसंबण्यांत काय जोखीम आहे हें दिसून आलें. पण जुन्या नळांचें भाग्य उघडलें नाहीं.

एक प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरचा आहे. स्थळाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका जुन्या पेठेंत नव्या इमारतीचा पाया खणीत असतां आठ-नऊ हातांवर चुनेगच्चीचा नळ लागला. कुदळीनें त्याचा माथा फुटला आणि खड्डा स्वच्छ पाण्यानें भरूं लागला. आम्हीं मालकास भेटून हा काय प्रकार आहे तें सांगितलें. त्यानें आदरानें ऐकून घेतलें, खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलें, "गुरुजी, याचा कांहीं कागद आहे काय?" आमच्यापाशीं कागद नव्हता. दोन दिवस पंप लावून तें पाणी गटारांत सोडलें गेलें व तिसऱ्या दिवशीं नळाच्या तोंडांत काँक्रीट ओतलें गेलें. त्याच दुपारीं त्याच गल्लींत पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्यापुढें घागरींची रांग लागली होती. त्या मालकास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें योग्य तोच प्रश्न विचारिला. उत्तर देण्याचें काम आमचें होतें, म्हणजे तुमचें-आमचें, जुने कागद जमविणारांचें होतें.

म्हणून हा लेख लिहिला आहे. मोडी रुमाल सोडतांना आपली दृष्टि प्रथम शिक्क्यावर, मग तहनाम्यावर, मग एखाद्या गाजलेल्या नांवावर जाते. खर्चाच्या यादी बाजूस पडतात, आणि पुष्कळदां वाळवीस मिळतात. परंतु चुना, खापरी नळ, पाथरवट, बेलदार, हौदाचा गाळ, पाण्याची वांटणी असे शब्द येणार ते याच यादींत; नळ राखणारास इनाम दिलें असेल तर तें कळणार तें वतनाच्या तुच्छ वाटणाऱ्या चिटोऱ्यांत. आमची संग्राहक बंधूंस विनंती एवढीच कीं, असे कागद आढळल्यास त्यांची अक्षरशः नक्कल करावी, मिती व स्थळ जपून उतरावें, आणि शक्य असेल तेथें त्या मार्गानें एकदां पायीं हिंडून नकाशावर खूण करावी. यांत विद्वत्तेचा मोठा लौकिक नाहीं. पण पुढच्या वेळीं पाया खणणारा मालक 'कागद आहे काय' असें विचारील तेव्हां कोणास तरी 'आहे' म्हणतां येईल.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं दिलेलें उत्तर थोडक्यांत असें. पाणी दूर नेणें शक्य आहे. तें सुदर्शनाच्या काळापासून शक्य आहे. उतार सांपडला तर तें स्वस्त पडतें. चढ असेल तर तें महाग पडतें, आणि अशा ठिकाणीं आधीं गांवच्या पायाखालचें पाणी शोधावें. गाडीनें आणलेलें पाणी हा प्राण वांचविण्याचा उपाय आहे, त्यास व्यवस्था म्हणूं नये. आणि कोणतीही नहर बांधतांना तीन गोष्टी आधीं लिहून ठेवाव्या. पाणी कोठून येतें, शेवटच्या दारीं तें कसें पोहोंचतें, आणि गाळ कोण काढतो. तिसऱ्या ओळींत माणसाचें नांव नसेल तर पहिल्या दोन ओळी व्यर्थ आहेत. त्यानें हें आपल्या वहींत उतरून घेतलें. आम्हीं शिकविलेल्यांपैकीं त्याच्या उपयोगीं पडलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी.